गार्डसाहेबांचं इतर उत्पन्न

जुलै लागला की माझ्या दारात एक ऑटो थांबायचा. आधी पेटी उतरायची, मग माणूस. पेटी लोखंडी, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नावाखाली 'गार्ड, नागपूर'. मालगाडीच्या अगदी मागच्या डब्यात जो एकटा माणूस बसलेला असतो, त्याची ही ड्युटीची पेटी. तिच्यात कधीकाळी लाल-हिरवे झेंडे, कंदील, नियमांची पुस्तकं असायची. नोकरी संपल्यावर झेंडे जमा झाले, पेटी यांच्याकडे राहिली आणि तिच्यात इन्कम टॅक्सचे कागद आले. कागद म्हणजे किती, तर एका पातळ फाइलीत मावावेत एवढे. पण ती पेटी पायरी चढवायला मी, ऑटोवाला आणि ते, असे तिघं लागायचो.

एकदा वैतागून म्हटलं, काका, पिशवीत आणत जा नं. त्यांना ते पटलंच नाही. पेटीशिवाय गार्ड ड्युटीवर चढत नाही म्हणाले, आणि वर मलाच विचारलं की तुम्ही कम्प्यूटर घरी ठेवून बसता का.

आता गंमत अशी, की हे गृहस्थ राहायचे आमच्यापासून फक्त तीन गल्ल्या सोडून. मनीषनगरच्या पलीकडची आमची ती वसाहत, आमच्याकडच्या बोलीत लेआउट, म्हणजे सगळा निवृत्तांचा कारभार. कोणी बँकेतला, कोणी वीज कंपनीतला, कोणी मास्तर. माझे सासरे ऑडिट खात्यातले. मी त्यांना मामाजी म्हणते. मामाजी आणि गार्डसाहेब यांची संध्याकाळची बैठक बागेतल्या एकाच बाकावर, वर्षानुवर्षं. त्यामुळे गार्डसाहेब आमच्याकडे चहालाही यायचे. माझं टॅक्स रिटर्न भरून द्यायचं ऑफिस म्हणजे त्याच घराची पुढची खोली. बाजूच्या दारातून आले की मी 'सूनबाई', आणि चहात साखर कमी पडली की मला बोलणी. पुढच्या दारातून आले की मी 'मॅडम', आणि चहा विचारला तर मान हलवून नको म्हणायचे, ड्युटीवर नातं नसते म्हणे. एकाच घराच्या दोन दारांशी मी दोन बायका होते. सुरुवातीला मला फार हसू यायचं. मग सवय झाली. आताही पुढच्या दाराशी ऑटो थांबला की मी आधी पेटी उतरते का ते बघते.

आयुष्यभर गाडीच्या मागच्या टोकाला बसलेला माणूस. पुढे काय आहे ते ड्रायव्हर पाहील, आपलं काम मागचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ऑटोत बसले तरी मान वळवून मागचा रस्ता पाहत राहायचे. ऑटोवाले घाबरायचे, कोणी पाठलाग करून राहिलं का म्हणून. लग्नाला गेलो की सगळे नवरा-नवरीकडे बघतात, हे मंडपाच्या दाराशी उभे, कोण यायचं राहिलं ते पाहत. काकू स्कूटीवरून भाजीला निघाल्या तरी हे फाटकाशी येऊन दोन्ही बाजू बघणार, मग उजवा हात वर करणार आणि म्हणणार, "राइट." त्याशिवाय काकूंना स्कूटी काढायची सोय नव्हती. काकू म्हणायच्या, याच्यापायी माझी अर्धी मेथी दुसऱ्या बायका घेऊन जातात वं.

आणि बाकावरची त्यांची तऱ्हा तर सगळ्या लेआउटला माहीत. बागेच्या जाळीपलीकडून रेल्वेलाइन जाते. गाडी आली की गार्डसाहेब बोलता बोलता थांबायचे. वाक्य अर्धं असलं तरी तिथंच सोडायचे. मामाजींना सुरुवातीला तो अपमान वाटला होता. मालगाडी लांबलचक, संपता संपत नाही, आणि हे तोवर गप्प. शेवटचा डबा गेला, त्याच्या मागची पाटी दिसली, की मान डोलवायचे आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे. ती पाटी दिसली की स्टेशनातल्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण आली, मध्ये कुठे तुटून चार डबे मागे राहिले नाहीत. पाटी दिसली नाही तर गाडी आली असं लिहायचं नाही, मागून दुसरी गाडी सोडायची नाही. एवढा साधा नियम. गार्डसाहेबांनी मात्र तो नियम इन्कम टॅक्सलाही लावला होता.

आमच्या धंद्यात पेन्शनवाल्यांचे दोनच प्रकार. एक लपवणारे, दुसरे विसरणारे. रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून एक जागा असते. पेन्शन एकीकडे, आणि ज्याला कुठंच जागा नाही ते सगळं या जागेत. लपवणारे आणि विसरणारे, दोघांचंही हे घर बँकेचं व्याज सोडलं तर रिकामंच. गार्डसाहेबांचं मात्र संक्रांतीच्या बाजारासारखं भरलेलं. निवृत्त झाले त्या वर्षी, नोकरी संपून काही महिने झाल्यावर, दसऱ्याच्या तोंडावर त्यांना रेल्वेचा बोनस आला, जेवढे महिने काम केलं तेवढ्यापुरता. तो घेऊन माझ्याकडे आले आणि 'इतर'मध्ये लिहा म्हणाले. मी म्हटलं, काका, हा पगाराचाच भाग, हा वर जातो. ते थोडे हिरमुसले. पण तेव्हापासून पेन्शनच्या वर जे काही हाताला लागेल त्याला ते बोनसच म्हणायला लागले. रेल्वेवाल्यांच्या पतसोसायटीचा लाभांश बोनस. महागाई भत्त्याचा फरक आला, तोही बोनस. नव्या गार्डांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये यांना वर्षातून एकदा बोलायला नेत, त्याचं मानधन तर सगळ्यात लाडका बोनस. मी एकेक पाहून सांगायची, हे लागतं, हे वर जातं, याला माफी आहे. एक झालं की ते म्हणायचे, "राइट." मग पुढचं.

एका वर्षी पेटीतून स्टीलची बादली काढली. सोसायटीच्या वार्षिक सभेला सगळ्यांना वाटली होती. म्हणे याची किंमत धरा. मी हसून हसून बेजार. म्हटलं काका, बादली नाही धरत कोणी. त्यांनी बादली उलटीपालटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि जरा नाराजीनंच पेटीत ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, पेन्शन म्हणजे इंजिन हाये. ते सगळ्यायलेच दिसते, धूर काढत येते. मागचा डबा कोण पाहून राहिला? तो दिसल्याबिगर गाडी आली असं लिहू नका."

या सगळ्या बोनसचं ते करायचे काय, तर दसऱ्याला भात. आपल्याकडे दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. गार्डसाहेबांचे आजोबा पहिल्या वेळी त्या मैदानात पांढरे कपडे घालून उभे होते. वडील रेल्वेत गँगमन, रुळावर घण मारणारे. तर या येणाऱ्यांच्या वाटेवर गार्डसाहेबांचा स्टॉल असायचा. मसालेभात आणि पाणी. नोकरीत होते तेव्हा अख्खा बोनस त्यात, निवृत्तीनंतर वर्षभराचं 'इतर उत्पन्न' त्यात. आणि त्यांचा दंडक असा, की त्या पैशावरचा कर आधी चुकता झाला पाहिजे. मी म्हटलं, अहो पुण्याचं काम, त्यात कसला कर घेऊन बसलात? तर म्हणाले, बिना तिकिटाचं अन्न मी लोकायले वाढत नाही. दरवर्षी ते मामाजींना स्टॉलवर बोलवायचे. मामाजींना दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी गुडघा, कधी घरची पूजा, कधी सोनं द्यायला येणारे पाहुणे. मामाजी वाईट नाहीत. फक्त त्यांचं घराणं राजेशाहीच्या काळापासून दप्तरात, आणि काही जागी त्यांचे पाय जात नाहीत ते आपोआपच. गार्डसाहेब पुढच्या वर्षी परत बोलवायचे.

टॅक्स भरल्याच्या पावतीच्या ते नेहमी दोन प्रती मागायचे. एक पेटीत. दुसरी घडी घालून शर्टाच्या खिशात, पार मळेपर्यंत. एकदा मी सहज विचारलं, दुसरी कशाला हो? त्यांनी आधी पेटीचं झाकण लावलं. मग सांगितलं. नवीन गार्ड झाले तेव्हाची गोष्ट. बाहेरगावी रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरची माणसं आराम करतात त्या खोलीत, ताटं मांडली होती. शेजारच्यानं यांच्याकडे पाहून बाकीच्यांना म्हटलं, "वाढा वाढा, सरकारचे जावई आहेत." सगळे हसले, यांनी जेवण केलं आणि रात्रीची गाडी घेऊन गेले. हे सगळं त्यांनी मला सिग्नल बिघडल्याची हकीकत सांगावी तसं सांगितलं. राग नाही, काही नाही.

"त्या साली पयल्यांदा माझा टॅक्स कापला गेला," म्हणाले. "तेव्हापासून पावती खिशात ठेवतो. दाखवत नाही कोणाले. खिशात असली की बस होते."

मी कम्प्यूटरकडे बघत बसले. माझ्या आडनावाला असलं कोणी कधी बोललं नाही, आणि कुठलीही पावती जवळ बाळगायची गरज मला जन्मात वाटली नव्हती. वाईट वाटलं, आणि थोडी लाजही.

तर अशा माणसाचा टॅक्स एके वर्षी शून्य झाला.

सरकारनं मर्यादा वाढवली होती. माझे झाडून सगळे पेन्शनर खूश. कोणी संत्रा बर्फी आणून दिली, कोणी जणू मीच माफी दिल्यासारखे हात जोडले. गार्डसाहेबांचे आकडे टाकले, आणि मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, काका, अभिनंदन, यंदा तुम्हाला एक रुपया लागत नाही. ते म्हणाले, पुन्हा पाहा. मी पुन्हा पाहिलं. मग सोसायटीचा लाभांश धरला का विचारलं. धरला. ट्रेनिंग सेंटरचं मानधन? तेही धरलं. व्याजाचं काय? म्हटलं, काका, सगळं धरून शून्य आहे.

"मंग मी काईच नाई देत?"

त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी आपलं बडबडत सुटले. म्हटलं मन मानत नसेल तर सरकारी निधीला देणगी द्या, तीही सरकारकडेच जाते. ते म्हणाले, दान येगळं. दान कोणीही देते, मनात आलं तर देते. म्हटलं बरं, जुन्या पद्धतीनं हिशेब केला तर थोडा टॅक्स निघतो, तसं करू? तर त्यावर ते चिडलेच. सरळ लाइन मोकळी असताना मी मुद्दाम गाडी लांबून फिरवू काय? लागत असला तर लागला पाहिजे, बनवलेला नको. रिटर्न सध्या पाठवू नका म्हणाले. पेटी बंद केली. 'राइट' म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी मामाजी बागेतून आले ते मजेत. जेवताना स्वतःच सांगायला लागले. गार्डसाहेब आज तोंड पाडून बसले होते, टॅक्स लागत नाही म्हणून. असा माणूस पाहिला नाही बुवा. मग मीच म्हटलं त्यांना, "चला, म्हणजे आता टॅक्स आम्ही भरायचा अन् मजा तुमची!" मामाजी हसत होते. माझी तव्यावरची पोळी तशीच राहिली आणि करपली.

मामाजींच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. त्यांना त्या रनिंग रूमची गोष्ट माहीतच नव्हती. पण 'आम्ही' आणि 'तुमची' हे शब्द तर तेच होते नं. आणि मी काय सांगणार? माणसानं पुढच्या दारातून येऊन सांगितलेली गोष्ट मी बाजूच्या दारानं बाहेर कशी काढू? डॉक्टरला, वकिलाला जसं तोंड बंद ठेवावं लागतं तसं आम्हालाही. मी करपलेली पोळी माझ्याच ताटात घेतली.

दुसऱ्या दिवसापासून गार्डसाहेब बाकावर आले नाहीत. आधी वाटलं पावसानं. मग उघाड पडली तरी नाहीत. काकूंनी सांगितलं की फिरायला तर जातात, पण उलट्या बाजूला, रेल्वेच्या फाटकाकडे. मामाजी रोज जाऊन बाकाच्या एका टोकाला बसायचे, दुसरं टोक मोकळं ठेवून. कोणी बसायला आलं तर सरकायचे नाहीत. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन बरीच वर्षं झाली, मामाजींना माणूस म्हणावा असा हा एकच होता. पण घरी जाऊन विचारतील तर ते ऑडिटवाले कसले? घरी येऊन पेपर उलटा धरून बसायचे. मला त्यांची कीवही यायची आणि संतापही.

शेवटी मला राहवलं नाही. दुसऱ्याची गोष्ट सांगता येत नव्हती, पण त्यांची स्वतःची तर येत होती. संध्याकाळी चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, "मामाजी, तुमचा टॅक्सही यंदा शून्य आहे."

ते म्हणाले, असं कसं? म्हटलं, असंच. तुमची पेन्शन काय मोठी लागून गेली? तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, गार्डसाहेबांना माहीत आहे हे? मी म्हटलं, मी एकाचं दुसऱ्याला सांगत नसते. एवढं बोलून मी उठले. माझा आवाज जरा चढलाच होता, चढू दे म्हटलं.

रिटर्नची मुदत संपत आली तेव्हा गार्डसाहेब आले. बाजूच्या दारातून. पेटी नाही. आणि दारातच म्हणाले, "मॅडम, एक बोलाचं होतं." इतक्या वर्षांत दार आणि नाव यांची गल्लत त्यांनी कधी केली नव्हती. मी गॅस बंद केला आणि त्यांना पुढच्या खोलीत नेलं.

आणि मग मी असं काम केलं की जे या धंद्यात कोणी केलं नसेल. लोकांचा टॅक्स कमी कसा होईल हे शोधण्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. त्या दिवशी मी एका माणसाला टॅक्स लागावा म्हणून कायदा धुंडाळत बसले. एकेक विचारलं. घरभाडं येतं का? नाही. शेअर? नाही. भिशी? काकूंची आहे, त्यांची त्या जाणोत. मग एका जागी बोट थांबलं. लॉटरी, सोडत, चिठ्ठी टाकून मिळालेलं बक्षीस. याला वेगळाच दर, आणि मर्यादेची माफी याला नाही. बाकीचं उत्पन्न शून्यात गेलं तरी यावर लागतोच.

विचारलं, काका, कधी लॉटरी-बिटरी घेतली होती का? ते म्हणाले, छे, असल्या नादाले नाई लागलो. मग जरा थांबून म्हणाले, दिवाळीत किराणा दुकानवाल्यानं चिठ्ठ्या काढल्या होत्या, त्यात मिक्सर भेटला. कूपन माझ्या नावावर होतं. पण ती तं वस्तू. बादली नाही धरत म्हणाले होते तुम्ही.

मी टेबलावर हात आपटला. "काका, बादली सगळ्यांना दिली होती. मिक्सर तुम्हाला चिठ्ठीत लागला. मिक्सरवर टॅक्स आहे."

"आहे?"

"आहे. बनवलेला नाही. खरोखर लागतो."

त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. दुकानातून किंमत विचारून आणली, मी हिशेब केला, हजाराच्या थोडं वर निघालं. ते घरी जाऊन पेटी घेऊन ऑटोनं परत आले, पुढच्या दारातून, आणि मग पैसे भरले. दोन प्रती काढल्या. "राइट," म्हणाले, आणि खिशावर हात ठेवून गेले. तिकडे काकू मात्र खवळल्या. फुकटात भेटला म्हणून मी दिवाळीभर मिरवली, अन् आता त्याचेच पैसे भरून आले, असं त्यांनी दळण आणायला जाताना अख्ख्या लेआउटला ऐकवलं. त्यामुळे ही बातमी मामाजींपर्यंत पोहोचवायला मला तोंड उघडावं लागलं नाही.

त्या दिवशी मामाजींचा गुडघा दुखत होता म्हणून मीच त्यांना धरून बागेत नेलं. बाकावर पोहोचलो तर दुसऱ्या टोकाला गार्डसाहेब आधीच बसलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी मधे उभी. तेवढ्यात मालगाडी आली. कोळशाची, चांगली लांब. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. मला आयुष्यात कुठल्या गाडीचा एवढा आधार वाटला नाही. शेवटचा डबा गेला, पाटी दिसली, गार्डसाहेबांची मान हलली.

मग मामाजी समोर रुळाकडेच बघत म्हणाले, "ऐकलं, मिक्सरवर टॅक्स भरला तुम्ही."

"भरला."

"माझा शून्य आहे. मला माहीत नव्हतं. सूनबाईनं सांगितलं." मामाजींनी गुडघा चोळला. "म्हणजे आता टॅक्स तुम्ही भरता अन् मजा आमची."

गार्डसाहेब वळले. मामाजींकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, एखादा डबा तपासावा तसं. त्यांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं आता पावती काढतात. त्यांनी नुसता खिसा थोपटला.

"मंग करा मजा," म्हणाले. "बसा आरामात. दोघायचं तिकीट हाये माझ्यापाशी."

मामाजी हसले ते त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी घरी आले आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले. कशासाठी ते विचारू नका.

मागच्या हिवाळ्यात गार्डसाहेब गेले. थोडे दिवस दवाखान्यात होते, मग नाहीत. त्यांच्या जाण्याबद्दल मला फार लिहवत नाही. जुलै आला आणि माझ्या मनात होतं की यंदा काही ऑटो येत नाही. पण आला. आधी पेटी उतरली, मग काकू. पुढच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "पेटीशिवाय जाऊ नको, असं ह्यायचंच म्हणणं होतं नं वं."

माणूस गेला तरी त्या वर्षाचं त्याचं रिटर्न भरावं लागतं, वारसानं. काकूंचं नाव वारस म्हणून लावून झालं होतं. मी पेटी उघडली. मामाजी आतल्या दारातून आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. माझ्या ऑफिसात ते कधी पाऊल टाकत नाहीत, त्यांना अशिलांचा वास येतो म्हणे. मी पेन्शन टाकली, व्याज टाकलं, लाभांश टाकला. कर शून्य. काकूंना वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली. मी बटणावर बोट नेलं.

"थांब," मामाजी म्हणाले. "मागचा डबा राहिला."

मी वळून पाहिलं. मामाजी सांगायला लागले, की थंडीत गार्डसाहेब ट्रेनिंग सेंटरला गेले होते. मफलर गुंडाळून. बाकावर येऊन मला सगळं सांगितलं, पोरांनी काय काय विचारलं ते. मानधन बँकेत टाकतो म्हणाले होते ते लोक. मग हे आजारी पडले. ते आलं का बघ.

काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. पासबुक काढलं. होतं. ते दवाखान्यात असताना जमा झालेलं, छोटीशी रक्कम, कोणाच्याही नजरेतून सुटावी अशी. मी ती 'इतर उत्पन्ना'त लिहिली. कर शून्यच राहिला. मग बटण दाबलं आणि पोच आली.

"आली?" मामाजींनी विचारलं.

"आली, मामाजी. पूर्ण."

काकूंनी कागद पेटीत रचून ठेवले. जायला उठल्या तेव्हा मामाजींनी त्यांना विचारलं, यंदा दसऱ्याच्या स्टॉलचं काय? काकू म्हणाल्या, आता कोण करणार, मी एकटी काय भात शिजवू अन् काय वाढू.

मामाजी गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"वाढायला मी येतो," म्हणाले. "त्या मानधनाचा तांदूळ आणा. त्याचं तिकीट आत्ताच काढलं आहे."